पाच दिवसांत बॉब ग्रॅहॅम राउंड: कोल्हापुरात राहून तयारी कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चौघे मित्र, सगळे कोल्हापूरचे, वयं पस्तीस ते पंचेचाळीस. हाफ मॅरेथॉन प्रत्येकाच्या बऱ्याच झाल्यात, दोघांची फुलही झाली आहे. पुढच्या जूनमध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये गाइडसोबत पाच दिवसांत बॉब ग्रॅहॅम राउंड, म्हणजे ४२ डोंगरमाथ्यांची गोल फेरी, करायचा विचार आहे. ते झेपेल का, इथे राहून सराव कुठे आणि कसा करायचा, गाइडवर पैसे घालावेत का आणि किती पेसने पळावं लागेल, एवढं तुम्ही विचारलंय.

झेपेल. चार तास सलग पळू शकणाऱ्या माणसाला वर्षभराच्या तयारीत हे नक्की झेपतं. पण तुमच्या पत्रात चढाचा उल्लेख सात-आठ वेळा आहे आणि उताराचा एकदाही नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे. मी स्वतः हा राउंड गाइडसोबत दोनदा केला आहे. गेली बारा वर्षं पन्हाळ्याच्या वाटांवर आपल्या भागातल्या धावपटूंचा सराव घेतोय. तेवढ्या काळात चढावर दमून कोणी मोहीम सोडलेली मला आठवत नाही. सोडली ती सगळ्यांनी उतारानं मांड्या गेल्यामुळे.

आधी राउंडबद्दल, तुमच्या मित्रांना वाचून दाखवता येईल इतपत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांना तिकडे ‘फेल’ म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द आहे, अर्थ डोंगर. त्यांच्यावर पळायचं ते फेल रनिंग. केझिक गावात गेस्ट हाउस चालवणारे बॉब ग्रॅहॅम १९३२ च्या जूनमध्ये गावातल्या मूट हॉलपासून निघाले आणि ४२ शिखरं करून २३ तास ३९ मिनिटांनी पुन्हा तिथेच पोचले. पायात टेनिसचे साधे बूट होते. पुढची २८ वर्षं हे कोणाला जमलं नाही. १९६० मध्ये ॲलन हीटन यांनी ते केलं आणि मग रांग लागली. बिली ब्लँड यांनी १९८२ मध्ये १३ तास ५३ मिनिटांत राउंड पूर्ण केला. तो विक्रम ३६ वर्षं टिकला आणि २०१८ मध्ये किलियन जॉर्नेट यांनी १२ तास ५२ मिनिटांत मोडला. त्यानंतर तोही मोडला गेला.

अंतर सुमारे १०६ किलोमीटर, एकूण चढ सुमारे ८,२०० मीटर. बॉब ग्रॅहॅम क्लबचं सदस्यत्व हवं असेल तर हे सगळं २४ तासांच्या आत आणि प्रत्येक शिखरावर सोबत साक्षीदार घेऊन करावं लागतं. पाच दिवसांत केलं तर ते मिळत नाही, हे आधीच मान्य करून टाका. मला मात्र पाच दिवसांचा राउंड मनापासून आवडतो. चोवीस तासांत करणाऱ्याचे बरेच डोंगर रात्री टॉर्चच्या उजेडात जातात किंवा झोपेशी भांडण्यात जातात. तुम्हाला ४२ च्या ४२ माथे उजेडात पाहायला मिळतील. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो.

आता गणित करू. पाच दिवसांत विभागलं तर रोज सरासरी २१ किलोमीटर आणि १,६४० मीटर चढ. अंतर तुमच्या ओळखीचं, हाफ मॅरेथॉनचंच. पण गोल फेरी आहे, म्हणजे जेवढं चढलात तेवढंच उतरणार. रोज १,६४० मीटर उतार, सलग पाच दिवस. कोल्हापुरात रंकाळ्याभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी यातला एक मीटरही मिळत नाही.

उतारावर नक्की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे सराव करताना कंटाळा येणार नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन रोखून धरतो, ब्रेकसारखा. या ताणून रोखण्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. गंमत अशी की त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि चोवीस ते बहात्तर तासांत सगळ्यांत जास्त असतं. एका दिवसाच्या शर्यतीत हे घरी गेल्यावर दुखतं. पाच दिवसांच्या फेरीत पहिल्या दिवशी केलेला उतार तिसऱ्या दिवशी, नेमक्या सगळ्यांत लांब टप्प्यात, वसूल होतो.

माझ्या पहिल्या राउंडला तसंच झालं. पहिल्या दिवशी ब्लेंकाथ्रावरून थ्रेल्केल्डकडे आणि दुसऱ्या दिवशी सीट सँडलच्या गवताळ उतारावरून डनमेल रेझच्या खिंडीत मी सुटलो. मऊ गवत, खाली दिसणारा रस्ता आणि पायात मॅरेथॉनचा दम. तिसऱ्या दिवशी स्काफेल डोंगरावरून वॉसडेलच्या खोऱ्यात उतरताना आठशे मीटरहून जास्त खाली यायचं होतं. निम्म्यात मांड्यांनी वजन घेणं सोडलं. प्रत्येक पावलाला गुडघा आपोआप वाकायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणचा लाकडी जिना मी कठडा धरून आडवा, एकेक पायरी उतरलो, आणि बाहेर समोर यूबॅरो उभा होता. वॉसडेलमधून निघालं की सरळ छातीवर येणारा डोंगर आहे तो.

त्या दिवशीची गाइड तिथल्याच खोऱ्यातली, साठीकडे झुकलेली बाई होती. तिनं मला पुढे न पाठवता मागून यायला सांगितलं आणि म्हणाली, फक्त माझे पाय बघत या. रेड पाइकच्या पलीकडे एका घसाऱ्यावर मी ते पाहिले. पाऊल टेकतंय न टेकतंय तोच उचललेलं असायचं. आपण एक टाकू तेवढ्या जागेत तिची तीन पावलं पडायची. सुट्ट्या दगडांवर ती टाच रोवायची आणि दगडांसोबत वीतभर घसरू द्यायची. पक्का कातळ आला की टाच वर, चवडा खाली. गुडघे कधीच ताठ नाहीत, हात कोंबडीच्या पंखांसारखे बाहेर. आणि आवाज जवळजवळ नाही. माझ्या बुटांचा धप्प धप्प आवाज येत होता. प्रत्येक धप्प म्हणजे मांडीवर लावलेला एक ब्रेक, हे मला तिथे कळलं. नंतर कोल्हापुरात आल्यावर सराव घेताना मी पहिल्यांदा कान लावतो. आवाज करणारा माणूस तिसऱ्या दिवशी बसणार, हे बहुतेक वेळा खरं ठरतं.

तर सराव. आपलं नशीब चांगलं आहे, पन्हाळा आणि जोतिबा शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहेत. आठवड्यातून एक दिवस फक्त उताराचा ठेवा. बुधवार पेठेतून गडावर चालत चढा, अगदी सावकाश, गप्पा मारता येतील इतकं. खाली मात्र लक्ष देऊन पळत या. पाऊल छोटं, नजर तीन-चार मीटर पुढे, छाती किंचित पुढे. भीती वाटली की माणूस मागे रेलतो आणि मग टाचेवर आपटतो, तेवढं टाळा. एका खेपेत किती चढण मिळते ते घड्याळावर मोजून ठेवा. दोनशे मीटर मिळत असतील तर राउंडच्या एका दिवसासाठी आठ खेपा होतात. पहिल्या महिन्यात दोन खेपांच्या वर जाऊ नका, नाहीतर गुडघा धरून बसाल. दर दोन आठवड्यांनी एक खेप वाढवली तरी वर्षात पुरून उरते. डांबरी रस्त्यावरून उतरण्याचा मोह मात्र धरू नका. तीन दरवाजाकडची बाजू, राजदिंडीची वाट, पावनगडाकडच्या पायवाटा, असं बदलत राहा. मुरूम, माती, ओला कातळ, गवत, प्रत्येकावर पाय वेगळा टाकावा लागतो आणि तिकडे एका तासात चारही मिळतात.

एक चांगली गोष्ट सांगतो. एकदा कडक उतार करून मांड्या दुखल्या आणि बऱ्या झाल्या की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखवतो. स्नायू शिकतो. म्हणून विमानात बसायच्या दहा-बारा दिवस आधी शेवटचा मोठा उताराचा दिवस करा आणि मग पाय मोकळे ठेवा. त्याच्यानंतर हौसेनं काही करू नका.

घरी करायचं ते तालमीतून घ्या. आपल्याकडे बैठका काय असतात हे शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. फक्त संख्येच्या मागे लागू नका. खाली जाताना तीन-चार आकडे मोजत सावकाश जा, वर झटकन या. खाली जाणं हाच तुमच्या कामाचा भाग. त्याच्या जोडीला घराच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय सावकाश जमिनीला लावायचा आणि परत वर. प्रत्येक पायाचे पंधरा, तीन वेळा. गुडघा आत वळत असेल तर आरसा समोर ठेवा. पिंढऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा खाली सोडणं-उचलणं. एवढं आठवड्यातून दोनदा प्रामाणिकपणे झालं तरी पुरे.

आता चढ. त्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. चढावर पळायचं नाही. राउंड करणारे जवळजवळ सगळे चढ चालतच चढतात, चोवीस तासांत करणारेसुद्धा. कमरेतून थोडं वाकून, हात गुडघ्याच्या वर ठेवून, मांडीला हाताने रेटा देत एकाच लयीत चालायचं. ही चाल वाटते तितकी सोपी नाही, पाठ भरून येते, म्हणून तीही सरावात आणा. जोतिबाच्या पायऱ्या या कामाला उत्तम आहेत. खेट्यांचे रविवार आणि चैत्र यात्रेचे दिवस तेवढे सोडा. तेव्हा ती वाट भाविकांची असते.

पेसचा प्रश्न तुम्ही विचारलात, त्याचं उत्तर असं की किलोमीटरला किती मिनिटं हा हिशोबच तिथे लागू होत नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तिसरा टप्पा २५ किलोमीटर आणि दोन हजार मीटर चढ असा धरला तर पाच तास अधिक तीन तास वीस मिनिटं, म्हणजे साधारण साडेआठ तास. म्हणजे तुम्हाला वेगवान व्हायचं नाहीये. आठ-नऊ तास पायांवर राहायचं आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं आहे.

ही दुसरी सकाळ हीच खरी परीक्षा, आणि तिचा सराव लोक करतच नाहीत. रविवारी लॉंग रन, सोमवारी विश्रांती, ही मॅरेथॉनची सवय हाडात मुरलेली असते. जानेवारीपासून महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग घ्या. शनिवारी पाच तास डोंगर, रविवारी चार तास, वेग कितीही कमी झाला तरी चालेल. मार्च-एप्रिलमध्ये एक तीन दिवसांचा घ्या. उन्हामुळे पहाटे चारला निघा आणि दहाच्या आत सावलीत या. रविवारी उठल्यावर पहिली दहा मिनिटं पाय लाकडासारखे वाटतील, मग सुटतील. ते सुटतात हा अनुभव गाठीशी असला की वॉसडेलच्या जिन्यावर माणूस घाबरत नाही.

या सगळ्याची रंगीत तालीम आपल्या दारात आहे: पन्हाळा ते पावनखिंड. १६६० च्या जुलैत, आषाढाच्या पावसात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभू व बांदल मंडळींनी खिंड लढवली, हे तुम्हाला मी सांगायला नको. दर पावसाळ्यात हजारो लोक ती वाट दोन दिवसांत चालतात. तुम्ही चौघांनी येत्या जुलैत ती करा, पण गर्दीच्या मोहिमेचा दिवस सोडून. राजदिंडीने उतरून तुरुकवाडी, म्हसाई पठार आणि पुढे वाड्यावाड्यांतून. पहिल्या दिवशी पाय चिखलात भिजणार, रात्री एखाद्या वाडीत पथारी पसरायची, आणि सकाळी तेच ओले बूट पायात चढवायचे. ओला मोजा ओढताना जी शिरशिरी येते ती इथेच एकदा अनुभवा. भिजलेल्या पावलाची कातडी पांढरी पडून सोलते. रात्री पाय पुसून, वाळवून, बोटांच्या फटीत व्हॅसलीन चोळून झोपायची सवय लावा. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगले तयारीचे धावपटू चौथ्या दिवशी लंगडताना मी पाहिलेत.

म्हसाई पठाराचा अजून एक उपयोग आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि सगळीकडे सारखंच गवत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या डॉड्सच्या माथ्यांवर हुबेहूब असंच होतं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन पठाराच्या एका टोकापासून म्हसाईच्या देवळापर्यंत फक्त दिशा धरून आणि पावलं मोजून जायचा सराव करा. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते सपाटीवर, चढावर आणि थकल्यावर वेगवेगळं मोजून ठेवा. घड्याळातला जीपीएस ट्रॅक खिशात असू द्या, पण आधी डोकं वापरा. वळीव घोंगावत असेल तर मात्र मे महिन्यात त्या पठारावर पाऊल टाकू नका, विजेला दुसरं उंच काही मिळत नाही. आणि सप्टेंबरात फुलं आली की पायवाट सोडू नका. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पळायचा विचार असेल तर तो सोडून द्या. तिथे वन खात्याची परवानगी लागते, आणि गव्याच्या समोर पळत जाणं हे गव्यालाही बरं नाही.

गाइड घ्यावा का? घ्याच. तुम्ही होकायंत्र शिकलात तरी घ्या. वाट दाखवणं हे त्याचं सगळ्यांत छोटं काम आहे. आज ढग कुठे बसणार, कोणत्या सोंडेवरून उतरलं तर वारा पाठीशी राहील, चौघांतला कोण आज गप्प झालाय, हे तो बघत असतो. स्काफेल पाइक आणि स्काफेल यांच्यामधली जागा घ्या. शेजारी शेजारी दोन माथे, पण मध्ये ब्रॉड स्टँड नावाचा कातळटप्पा आहे. सरळ चढायचं तर ते प्रस्तरारोहण आहे आणि तिथे अपघात झालेले आहेत. एका बाजूने लॉर्ड्स रेकची घसाऱ्याने भरलेली नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, दुसऱ्या बाजूने फॉक्सेस टार्न या छोट्या तळ्याकडून थोडं खाली जाऊन परत वर. कुठून जायचं हे त्या दिवशीचा दगड ओला की कोरडा यावर ठरतं आणि ते ठरवणारा माणूस ती जागा शंभर वेळा पाहिलेला हवा. माझ्या दुसऱ्या राउंडला गाइडनं फॉक्सेस टार्न घेतलं, जास्तीचा वेळ गेला, आमच्यातल्या एकानं तोंड वाकडं केलं. वर पोचल्यावर नाळेतून सुटलेल्या दगडांचा आवाज ऐकू आला तेव्हा तो काही बोलला नाही.

गाइड निवडताना माउंटन लीडर ही पात्रता आहे का ते विचारा. एका गाइडमागे किती जण आणि गटाचा वेग दोन पातळ्यांचा झाला तर दुसरा गाइड आहे का, तेही विचारा. रोज सामान कोण हलवतं, मधूनच एखाद्याला थांबावं लागलं तर कुठे उतरवतील, हे लेखी घ्या. पहिला टप्पा संपतो ते थ्रेल्केल्ड, दुसरा संपतो ती डनमेल रेझची खिंड आणि चौथा संपतो ते हॉनिस्टर, तिन्ही गाडीरस्त्यावर आहेत. वॉसडेल मात्र आडबाजूला आहे, गाडीने तिथून केझिकला यायचं तर डोंगरांना मोठा वळसा पडतो. म्हणून तिसऱ्या दिवशी निघतानाच कोणाचं काही दुखत असेल तर ते लपवू नका. पंधरा शिखरांचा दिवस आहे तो. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी बारा, तिसऱ्या दिवशी पंधरा, चौथ्या दिवशी नऊ, पाचव्या दिवशी परत तीन, असे हे ४२ वाटलेले आहेत. गाइड एखाद्या सकाळी म्हणाला की आज दोन शिखरं सोडू, तर सोडा. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, हे चौघांनी इथेच ठरवून निघा.

आता थंडी. आपण कोल्हापूरकर पावसाला भीत नाही, आणि तिथे नेमका त्याचाच धोका होतो. आपला पाऊस उबदार असतो. गगनबावड्याला दिवसभर भिजलं तरी घरी येऊन गरम चहा घेतला की माणूस ताजा. तिथे उंची वाढली की हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे हेलवेलिनच्या ९५० मीटरच्या माथ्यावर केझिकपेक्षा पाच-सहा अंश कमी, आणि वर वारा. जूनमध्येही ओल्या अंगाने तिथे पंधरा मिनिटं उभं राहिलं तर हुडहुडी भरते. मला स्वतःला दुसऱ्या दिवशी डॉड्सवर जॅकेटची चेन लावता आली नाही. बोटं होती, चेनही दिसत होती, पण दोघांची गाठ पडेना. गाइडनं ती लावून दिली, आपले जाड हातमोजे माझ्या हातात चढवले आणि तोंडात चॉकलेट कोंबलं. मी तोपर्यंत ‘ठीक आहे’ असंच म्हणत होतो. बोलणं जड होणं, पाय अडखळणं, बोटांनी बारीक काम न होणं, ही तीन लक्षणं एकमेकांत बघत राहा. स्वतःची स्वतःला कळत नाहीत. अंगावर जास्तीचा थर चढवायचा तो थंडी वाजायच्या आधी, खिंडीत, वाऱ्याच्या आड.

सामान यातूनच ठरतं. शिवणी आतून सीलबंद असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच पँट, टोपी, हातमोजे दोन जोड, एक जास्तीचा गरम थर प्लॅस्टिकच्या पिशवीत, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, थोडं राखीव खाणं, आणि चौघांत मिळून एक आपत्कालीन शेल्टर. आपल्याकडचं ‘वॉटर रेझिस्टंट’ विंडचीटर चालणार नाही. विकत घेतल्यावर घरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहून बघा. बूट फेलचेच हवेत, तळाला खोल दात आणि मऊ रबर असलेले. रोड शूजनी ओल्या गवतावर माणूस घसरगुंडीसारखा जातो. निदान शंभर किलोमीटर पळून बूट मुरवून न्या. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, म्हणून घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून नाडीचा फास घालून टाच मागे घट्ट बसवायला शिका. संकट आलंच तर शिट्टीचे सहा फुंकर, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९ फिरवून पोलीस आणि त्यांच्याकडून माउंटन रेस्क्यू मागायचं. ती पथकं तिथल्या स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. तरी डोंगरावर पळणं स्पष्ट शब्दांत धरणारा प्रवास विमा काढा, दवाखान्याचा खर्च वेगळा असतो.

आपल्या जंगलातल्यासारख्या जमिनीवरच्या जळवा तिथे नाहीत, पण नेच्यांच्या झाडोऱ्यात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. रोज संध्याकाळी पाय, गुडघ्यामागची बाजू, कंबर तपासा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

खाण्याचं. सात-आठ तास नुसत्या एनर्जी जेलवर राहता येत नाही, तिसऱ्या दिवशी गोडाची शिसारी येते. दर अर्ध्या तासाला चार घास, भूक लागायची वाट न बघता. आपल्याकडचा गूळ-शेंगदाणा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भडंग, सगळं तिथे उत्तम चालतं. चौथ्या दिवशी हॉनिस्टरला उतरताना मी भडंगाची पुडी फोडली तेव्हा गाइडही हात पुढे करून उभा राहिला. पेढे, बर्फी, खवा, दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ मात्र बॅगेत घालू नका, भारतातून ते तिथे न्यायला बंदी आहे. सरावातही हेच खा, म्हणजे पोटाला ओळख होते. रात्री जेवण भरपूर करा, त्यात काटकसर नको. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच मुक्कामाच्या ठिकाणी कळवा, वॉसडेलमध्ये रात्री दुसरीकडे कुठे जाऊन खायची सोय फारशी नाही.

तारखा ठरवताना चौघांच्या सुट्टीत दोन दिवस जास्तीचे ठेवा. एक पोचल्यावर झोप जुळवायला, एक मध्ये हवामानासाठी. माझ्या दोन्ही राउंडना एक दिवस वाऱ्यामुळे खोऱ्यातच काढावा लागला. व्हिसाचे कागद फेब्रुवारीत तयार ठेवा.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला चौघे बुधवार पेठेत या. रोजचे बूट आणा, पाणी आणा, घड्याळ घरी ठेवलंत तरी चालेल. दोन खेपा करू. चढताना मी काहीच बोलणार नाही. उतरताना एकेकाच्या मागून येईन आणि तुमचे पाय ऐकेन.